कोपरा फाडलेलं पत्र

आमच्या अकोल्याच्या घरी रविवारी दुपारी दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या, गोळाभात आणि एक इंग्रजी क्रियापद. गोळाभात आईचा, क्रियापद बाबांचं. भातात डाळीचे गोळे कुस्करून त्यावर लाल मिरचीच्या फोडणीचं कडकडीत तेल ओतलं, की त्याचा चर्र आवाज संपायच्या आत बाबा सुरू करत. ते एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवायचे. आजोबा भिक्षुकी करत. त्यांच्या पोथ्या ज्या फडताळात होत्या, त्यातच बाबांचा जाडजूड इंग्रजी कोश, आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला. दसऱ्याला आई पोथ्यांना हळदकुंकू वाहायची तेव्हा कोशालाही वाहायची, आणि त्याची वरची दोन-चार पानं कायमची पिवळी झाली होती. बाबांची पद्धत पक्की होती: आधी अर्थ, मग उगम, मग उपयोग. उपयोगाच्या वेळी माझ्या मोठ्या भावाने आणि मी एकेक वाक्य करायचं. वाक्य चुकलं तर पापड मिळत नसे. माझे पापड बरेच बुडाले. भाऊचा एकही बुडाला नाही.

मी त्याला भाऊच म्हणायची, अजूनही म्हणते. नाव अरविंद. त्याला मास्तर व्हायचं होतं, तेही इंग्रजीचा. दुसरं काही व्हायचं त्याच्या मनात कधी आलंच नाही. मागच्या दाराच्या फळीला त्याने काळा रंग फासून ठेवला होता आणि मला समोर पाटावर बसवून तो तासच्या तास शिकवायचा. मी कंटाळून उठले की म्हणायचा, "बस ना वं सुमे. वर्गातून पोरगी उठून गेली तर मास्तराची काय इज्जत राहिली?" शिकवायचा मात्र छान. बाबांसारखा ओरडत नसे. चुकलेलं वाक्य तो पुसत नसे, त्याच्या शेजारी बरोबर वाक्य लिहायचा आणि म्हणायचा, आता तूच पाह्य. पुढे मी चाळीस वर्षं नोकरी केली, नाना साहेब पाहिले, पण चूक दाखवायची इतकी सभ्य तऱ्हा दुसऱ्या कोणाकडे दिसली नाही.

भाऊ बी.ए. झाला, बी.एड. झाला, आणि अर्ज सुरू झाले. वरूड, अचलपूर, चांदूर रेल्वे, जिथे इंग्रजीची जागा निघेल तिथे. मुलाखतीला एकच पांढरा शर्ट होता. तो धुऊन, पितळी तांब्यात निखारे घालून मी इस्त्री करून द्यायची. मग पंधरा-वीस दिवसांनी पोस्टमन यायचा आणि लांबट पाकिटातून तेच वाक्य निघायचं: वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू. पहिलं पत्र आलं तो रविवारच्या आधीचा दिवस होता. साहजिकच त्या रविवारी गोळाभातावर रिग्रेट आला.

"अर्थ," बाबा म्हणाले, "खेद वाटणे, वाईट वाटणे. उगम मात्र ऐकण्यासारखा आहे. शब्द फ्रेंचांकडून आला. त्यांच्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ होता मेलेल्या माणसासाठी विलाप करणं. आणि त्याच्याही मागे उत्तरेकडचा एखादा धातू असावा, रडणे या अर्थाचा. कोशकार 'बहुधा' म्हणतो. प्रामाणिक माणूस आहे." मग डोळे मिचकावून म्हणाले, "म्हणजे अरविंदा, तुला आलंय ते मयताचं कार्ड आहे बाबू."

आता हे नव्या पोरांना सांगावं लागतं. तेव्हा कोणी वारलं की पोस्टकार्डाचा एक कोपरा फाडून ते टाकायचे. पोस्टमनच्या हातात तसं कार्ड दिसलं की काळजात धस्स व्हायचं. ते कार्ड घरात नेत नसत. ओट्यावरच उभ्याने वाचायचं, तिथेच फाडायचं, आणि आत जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायचं. बाबांनी गंमत म्हणून त्या लांबट कागदाचा कोपरा टरकन फाडला आणि भाऊला म्हणाले, "जा, आंघोळ कर." भाऊ पोट धरून हसला. खरोखर उठला, दोन तांबे डोक्यावर ओतून तसाच ओल्या केसांनी पानावर बसला, आणि उपयोगाचं वाक्य केलं: "द स्कूल रिग्रेट्स, बट द बॉय इज स्टिल अलाइव्ह." बाबांनी त्याला स्वतःचा पापड दिला.

गंमत तिथेच संपायला हवी होती. पण आमची आई! तिला इंग्रजी येत नव्हतं, आणि म्हणूनच तिला ते सगळं खरं वाटलं. दुसरं पत्र आलं तेव्हा ती दारातच आडवी आली. "ते कागद आत नाही आणायचं. तिथंच वाच, तिथंच फाड." तिसऱ्याला तिने आधीच बादली भरून ठेवली. बाबा म्हणाले, अगं, थट्टा केली मी. ती म्हणाली, "थट्टा असू द्या. पोराच्या नावानं रडायचा कागद येऊन राहिला, अन् मी घरात घेऊ?" चौथं, पाचवं, सहावं. दर वेळी ओट्यावर वाचणं, कोपरा फाडणं, मोरीत डोक्यावरून पाणी. आता कोणी हसत नव्हतं. सहाव्या पत्राच्या वेळी डिसेंबरची थंडी होती. भाऊ पाणी ओतत राहिला, तांब्यामागून तांब्या, टाकी रिकामी होईपर्यंत. मग दोन दिवस जेवला नाही. मागच्या दाराच्या काळ्या फळीसमोर नुसता बसून असायचा. मी ताट घेऊन गेले तर फळीकडे पाहूनच म्हणाला, "सुमे, आता आणखी एक आलं ना असं, तर..." पुढचं मी विचारलं नाही. मला भीती वाटली, इतकंच सांगते.

तोवर मला अमरावतीला नोकरी लागली होती. घरातल्या कमी हुशार मुलीला टंकलेखनाच्या परीक्षेवर नोकरी लागली आणि हुशार मुलगा घरी बसला, याचं बाबांना काय वाटत असेल ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. एका शिक्षण संस्थेची कचेरी होती, तिच्या ताब्यात पाच-सहा शाळा. मी मावशीकडे राहायची आणि शनिवारी दुपारच्या गाडीने अकोल्याला यायची. कचेरीत हेडक्लार्क वानखडे बाबू. माणूस तोंडाने फटकळ, मनाने गरीब. माझं मुख्य काम काय, तर तीच पत्रं टाईप करणं. वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू. मला त्या पहिल्या आठवड्यात बोटं उचलवेनात. वानखडे बाबू म्हणाले, "बाई, काहून थांबल्या? त्यात कायचा इचार करून राहिल्या? नाव बदला अन् चला पुढं." शिकले. दोन महिन्यांत मी तो शब्द न बघता मारायला लागले.

त्याच संस्थेच्या अचलपूरच्या शाळेत इंग्रजीची जागा निघाली. भाऊने अर्ज केला. मी कोणाला सांगितलं नाही की हा माझा भाऊ आहे. वशिला लावला असं कोणी म्हणायला नको, हा आमच्या घरचा ताठा. मुलाखत चांगली झाली. तो घरी आला तोच उड्या मारत. शाळेतल्या मुलांसमोर त्याला एक तास घ्यायला लावला होता आणि तास संपल्यावर मुलं उठेनात म्हणे. आईने त्या दिवशी पातोडीची भाजी केली. भाऊ जेवता जेवता म्हणाला, "सुमे, हे झालं. हे होणार पाह्य." सहा पत्रं आंघोळीत गेल्यावर तो पहिल्यांदा असा बोलत होता.

एका सोमवारी वानखडे बाबूंनी माझ्या टेबलावर यादी ठेवली. "अठरा कागदं हायेत. आजच्या आज टपालात गेले पायजेत." अकराव्या नंबरवर भाऊचं नाव होतं. मी दहा पत्रं टाईप केली, अकरावं केलं, बारावं केलं, अठरा पूर्ण केली. हात थांबले नाहीत. मग वानखडे बाबूंना सहज विचारल्यासारखं विचारलं, अचलपूरला कोण लागलं? ते म्हणाले, "नागपूरचा हाये एक. पण त्याचं काही खरं नाही दिसत. त्याले दुसरीकडं बी बोलावणं आलं म्हणते. नाही आला तर दोन नंबरवाला अकोल्याचा हाये, त्याले घेऊ." दोन नंबरवाला अकोल्याचा म्हणजे माझा भाऊ. जागा अजून अर्धी उघडी होती!

मी काय केलं ते आता सरळ लिहिते. अठरांपैकी अकरावं पत्र मी डब्याच्या पिशवीत सरकवलं. जावक रजिस्टरात मात्र अठराही नावं लिहिली. मनाशी म्हटलं, आठ दिवस, फार तर दहा. नागपूरचा आला नाही तर हे पत्र फाडून टाकायचं आणि नेमणुकीचं टाईप करायचं, माझ्याच हाताने. आणि आला, तर मग पाठवू. पण आज ते मयताचं कार्ड मी माझ्या घरी कसं धाडू? आईने दारात बादली भरून ठेवायची, आणि त्याने पुन्हा ते सगळं पाणी डोक्यावर घ्यायचं? मला तेव्हा हे फार मायेचं काम वाटलं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला, की बघा, घरावरचं संकट मी पिशवीत घालून दूर ठेवलं.

शनिवारी अकोल्याला गेले तर घरात वेगळाच गोंधळ. भाऊने कधीतरी एस.टी.त कंडक्टरच्या जागेसाठी अर्ज टाकला होता, तो मंजूर होऊन आला होता. पुढच्या बुधवारी हजर व्हायचं. मूळ सर्टिफिकेटं जमा करायची, आणि नोकरी मध्येच सोडणार नाही असं लिहून द्यायचं. बाबा अस्वस्थ होऊन फेऱ्या मारत होते. "अरे, तिकडे अचलपूरचं होत आलेलं, आणि तू इकडे सर्टिफिकेटं अडकवून बसणार? शिकवणार की घंटी वाजवणार?" आई म्हणत होती, लागलेली नोकरी सोडू नये. भाऊ दोघांचं ऐकत होता. संध्याकाळी त्याने मला मागच्या दारी बोलावलं.

"तू तिथंच कामाले आहेस. खरं सांग. अचलपूरचं काही समजलं का?"

माझी पिशवी आत खुंटीला होती. पत्र त्यातच होतं. डब्याच्या तेलाचा एक डागही पडला होता त्याला.

"नाही," मी म्हणाले. "अजून काही ठरलं नाही."

"रिग्रेट गेले का कोणाले?"

"नाही गेले."

"मग थांबतो," भाऊ म्हणाला. चेहरा इतका हलका झाला त्याचा! "तू आहेस म्हणून बरं आहे सुमे. नाहीतर अंधारात दगड मारत बसलो असतो."

बुधवारी तो एस.टी.त हजर झाला नाही. आणि गुरुवारी सकाळी नागपूरचा माणूस हातात होल्डॉल घेऊन अचलपूरच्या शाळेत हजर झाला. वानखडे बाबूंनी मला ते चहा पिता पिता सांगितलं. "आला बाप्पा एकदाचा. मिटलं."

आता तरी पत्र पाठवायचं ना? माझीच ती ठरलेली बोली. पण त्यावर तारीख होती. मीच मारलेली, ठळक. ते पत्र घरी गेलं असतं तर भाऊने तारीख पाहिली असती. मी नाही पाठवलं. घरी सगळे थांबून राहिले, एक महिना, दीड महिना. मग अचलपूरचं काय झालं असं विचारणारं बाबांचं पत्र आलं, कचेरीच्या नावे, पोचलं माझ्या टेबलावर. त्यांचं ते सुरेख, किंचित उजवीकडे झुकलेलं अक्षर. सुरुवातच अशी होती: आय रिग्रेट टु ट्रबल यू, आपल्याला त्रास देताना मला खेद होतो. त्यांनी तोच शब्द वापरला होता, त्याचा उगम चांगला माहीत असलेल्या माणसाने. वानखडे बाबूंनी जावक रजिस्टर काढलं, बोट फिरवलं. "ह्याले तर गेलं हाये. पोस्टात गहाळ झालं असन. दुसरं करून टाका." मी दुसरं टाईप केलं, त्या दिवसाची तारीख आणि पहिलं पत्र आधीच रवाना झालं होतं अशी एक ओळ घालून, आणि टपालात टाकलं.

ते भाऊला मिळालं. आईने दारात बादली ठेवली. पहिलं पत्र पोस्टाने हरवलं, असं सगळ्यांचं ठरलं; ते दुसऱ्या टेबलावरून गेलं, मला कळलंच नाही, असं मी सांगितलं. आमचा पोस्टमन म्हातारा, उन्हातान्हात यायचा, आई त्याला नेहमी ताक द्यायची. ते तिने बंद केलं. तो बिचारा ओट्यापाशी क्षणभर रेंगाळायचा आणि निघून जायचा. मी घरी असले की आत जाऊन बसायची.

भाऊने त्यानंतर अर्ज केले नाहीत. एस.टी.ची जागा पुन्हा निघाली तेव्हा वय उलटून गेलं होतं. घरी शिकवण्या घेतल्या काही वर्षं, मग मोठे क्लास निघाले आणि पोरं तिकडे गेली. मग एका औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा राहिला, गुडघे जाईपर्यंत. लग्न झालं नाही. मुली सांगून यायच्या, पण मुलगा काय करतो इथे येऊन गाडी थांबायची. मागच्या दाराची फळी एका पावसाळ्यात सडली, ती बदलताना नवीला त्याने रंग लावला नाही. आई-बाबा गेले. बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, त्या पत्रानं घात केला, गहाळ झालं नसतं तर पोरगं कुठल्या कुठे असतं. मी उशाशी बसून ऐकायची. माझं मात्र सगळं नीट झालं, हो. लग्न झालं, मुलं झाली, त्याच कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, पेन्शन चालू आहे. किती हजार रिग्रेट पाठवले असतील. एकदाही रडू आलं नाही. उपयोग म्हणतात तो हाच असावा.

परवा माझा नातू पुण्याहून आला होता. मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाला, "आजी, हे बघ, आला रिग्रेट. अर्ज केल्यावर चार मिनिटांत." मी विचारलं, कोणी लिहिलं रे? तो हसला. "कोणीच नाही. आपोआप येतं." मग पुसून टाकलं त्याने ते, अंगठ्याने, आणि पोहे मागितले. याच्या एवढाच होता भाऊ. रात्रभर तळमळले आणि सकाळी ट्रंकेच्या तळातलं ते पत्र काढून अकोल्याची गाडी पकडली.

भाऊ ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. "काहून आली वं अशी अचानक? पाय दुखते न् तुया?" चहा केला त्याने, माझ्यात साखर कमी घातली, लक्षात ठेवून. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुढचं आलं नसतं. तो रस्त्याकडे बघत होता.

मग म्हणाला, "वाच."

मी पत्र उलगडलं. घड्यांवर ते फाटत आलं होतं, तेलाचा डाग पिवळा होऊन पसरला होता. वाचलं. वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू. आवाज कापला नाही माझा, इतक्या वर्षांची सवय.

"तारीख काय आहे त्याच्यावर?"

मी तारीख सांगितली. भाऊने उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायला सुरुवात केली. हळू, एकेक पेर. मला वाटलं होतं, हजर व्हायची तारीख तो कधीच विसरला असेल.

"नऊ दिवस," तो म्हणाला. "दोन पोस्टाचे धर. तरी सात दिवस होते माह्याजवळ."

"भाऊ, मला वाटलं..."

"बाबाले माहीत होतं?"

"नाही."

"बरं झालं."

त्याने हात पुढे केला. मी पत्र दिलं. चष्मा नव्हता, त्यामुळे नुसता हातात धरून राहिला. मग वरचा उजवा कोपरा चिमटीत घेऊन फाडला, अगदी सावकाश, आणि कागद मला परत दिला.

"आत नको आणू," भाऊ म्हणाला. "इथंच फाड."

खुर्चीच्या हाताला धरून तो उठला आणि गुडघ्यावर हात टेकत आत गेला. मी तिथेच उभी राहिले. थोड्या वेळाने मोरीत बादली सरकवल्याचा आवाज आला, आणि मग पाण्याचा. एक तांब्या, मग दुसरा, मग आणखी एक.